‘तांबेरा प्रतिकारक’ वाण पेरूनही दरवर्षी गव्हावर तांबेरा दिसत असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आला की सिन्नर तालुक्यातल्या आमच्या शेतातून मुलुंडला एक फोटो येतो, आणि गेली तीन वर्षे त्याखालचा मजकूरही जवळजवळ तोच आहे : “दादा, या वाणावर तांबेरा येत नाही असं तूच म्हणाला होतास ना? मग हे काय आलंय?” शेत माझा धाकटा चुलतभाऊ कसतो. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकलो खरा, पण पोटापाण्याची नोकरी मुंबईत औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत केली. त्यामुळे बियाणे कोणते घ्यायचे हे ठरवण्याचा मान माझा आणि त्याचे परिणाम भोगण्याचे काम त्याचे, अशी आमची वाटणी झालेली आहे. तिन्ही वर्षी तक्रार एकच होती. कारणे मात्र तीन निघाली, आणि पहिल्या वर्षी तर तो तांबेरा नव्हताच. नोकरी मुंबईत आणि गहू गावाकडे अशी स्थिती असलेले अनेक जण हाच प्रश्न विचारतात, म्हणून आम्ही शेवटी ज्या क्रमाने तपासणी करू लागलो तो येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी रुमाल, मग औषध

पहिल्या वर्षी फोटो पाहून मी फवारणी करायला सांगितली आणि एक फवारणी वायाच गेली. पुढच्या शनिवारी शेतावर गेलो, चार-पाच पाने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवली आणि पंचवटी एक्स्प्रेसने परत आलो. (निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या एका बन्सी गव्हाचे नावही पंचवटी आहे आणि सरबती गव्हाच्या एका वाणाचे तपोवन, मुंबईकरांना ही दोन्ही नावे गाड्यांची वाटतात, नाशिककरांना देवस्थानांची.) घरी आल्यावर बाल्कनीच्या उजेडात पांढरा रुमाल पानावरून हलकेच ओढला. रुमाल स्वच्छच राहिला. पानाची टोके दोन-तीन सेंटीमीटर वाळली होती, त्यामागे पिवळा पट्टा होता, पण पुटकुळी एकही नव्हती.

तांबेऱ्याची ही सर्वांत सोपी आणि बहुतेक वेळा पुरेशी परीक्षा आहे. तांबेऱ्याची बुरशी पानाची बाह्यत्वचा फाडून बीजाणूंची भुकटी बाहेर टाकते, त्यामुळे पान पुसले की कापडावर गंजासारखा रंग उतरतो. करपा, पालाशची कमतरता, उन्हाने करपलेली टोके यांपैकी कशातही भुकटी नसते. मावा पडून नंतर काळी बुरशी वाढली असेल तर बोटाला काजळी आणि चिकटपणा जाणवतो. तो प्रकार वेगळा.

आमच्या त्या वर्षीच्या वाळक्या टोकांचे स्पष्टीकरण मात्र गमतीचे आहे. गव्हात एलआर ३४ नावाचे एक जनुक आहे. ते तपकिरी तांबेऱ्याला तर आवर घालतेच, शिवाय पिवळा तांबेरा, काळा तांबेरा आणि भुरी यांच्यावरही त्याचा काही प्रमाणात परिणाम होतो. ज्या वाणात ते असते, त्याच्या ओंबीखालच्या शेवटच्या पानाचे, म्हणजे ध्वजपर्णाचे, टोक पीक निसवल्यानंतर, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्यानंतर, आपोआप वाळू लागते. पैदासकार ही खूण जनुक ओळखण्यासाठी वापरतात. काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या एसआर २ या जुन्या जनुकाचेही तसेच आहे : ते असलेल्या काही वाणांत ओंबीची तुसे आणि कांड्यांजवळचा भाग काळसर पडतो, आणि पाहणाऱ्याला रोग झाल्यासारखे वाटते. प्रतिकारशक्तीचेच लक्षण रोग समजून त्यावर बुरशीनाशक फवारल्याचे मला तेव्हा फार ओशाळे वाटले.

कोणता तांबेरा, हे का विचारायचे

भुकटी उतरली, तर पुढचा प्रश्न तिच्या रंगाचा आणि जागेचा. पानाच्या वरच्या बाजूवर विखुरलेल्या, गोलसर, नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या असतील तर तो तपकिरी किंवा पानावरचा तांबेरा. खोडावर, पानाच्या आवरणावर आणि पानाच्या दोन्ही बाजूंना लांबट, विटकरी, कडेला फाटलेली साल स्पष्ट दिसणाऱ्या पुटकुळ्या असतील तर तो काळा किंवा खोडावरचा तांबेरा. पीक पिकत आले की याच पुटकुळ्या काळ्या पडतात, म्हणून हे नाव. पानाच्या शिरांना समांतर पिवळ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा हे पिवळ्या तांबेऱ्याचे लक्षण. तो थंडीचा रोग असून दहा ते पंधरा अंश सेल्सिअस तापमानात फोफावतो. त्याचे क्षेत्र पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा. महाराष्ट्राच्या मैदानी भागात कोणी पिवळ्या तांबेऱ्याची बातमी दिली, तर मी आधी रुमालाची आठवण करून देतो.

हे वेगळे ओळखण्याचे कारण असे, की ‘तांबेरा प्रतिकारक’ या शब्दांना तसा एकच अर्थ नाही. या तीन बुरश्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्याविरुद्धची जनुकेही सहसा वेगळी असतात. त्यांच्या नावांतच ते दिसते : काळ्यासाठी एसआर, तपकिरीसाठी एलआर, पिवळ्यासाठी वायआर. काळ्याला दाद न देणारा वाण तपकिरीला सहज बळी पडू शकतो. पिशवीवर नुसते ‘तांबेरा प्रतिकारक’ लिहिलेले असेल, तर कोणत्या तांबेऱ्याला, हा पहिला प्रश्न दुकानातच विचारायला हवा. उत्तर बहुधा मिळत नाही. ते वाणाच्या शिफारशीत, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत शोधावे लागते.

शंभर रोपे मोजा

दुसऱ्या वर्षी रुमाल तांबडा झाला. भुकटी नारिंगी-तपकिरी, पुटकुळ्या पानावर. म्हणजे तपकिरी तांबेरा, यात शंका नव्हती. चुलतभावाचे म्हणणे असे, की बियाणे घरचे, तीन वर्षे राखलेले, त्यामुळे ‘त्याची ताकद गेली’. हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो जसाच्या तसा खरा नाही. गहू स्वपरागित पीक आहे. फूल उघडण्यापूर्वीच बहुतेक परागीभवन आतल्या आत झालेले असते, त्यामुळे घरचे बियाणे तीन वर्षे राखल्याने त्यातले प्रतिकारक जनुक पातळ होत नाही की झिजत नाही. आईकडून आलेले जनुक लेकराकडे जसेच्या तसे जाते. संकरित बाजरीचे किंवा मक्याचे बियाणे राखून जे होते, ते गव्हाच्या सरळ वाणात होत नाही.

मग बिघडते काय? ते पाहण्यासाठी आम्ही सकाळी दव असतानाच शेतात उतरलो आणि पायजमे गुडघ्यापर्यंत भिजवत, तिरक्या रेषेत चालत, दर पाच पावलांवर एक अशी शंभर रोपे पाहिली. प्रत्येक रोपाचे फक्त ध्वजपर्ण आणि त्याखालचे पान तपासायचे, आणि ‘स्वच्छ’, ‘थोडे’, ‘भरलेले’ अशा तीनच रकान्यांत खूण करायची. ऐंशीहून अधिक रोपे स्वच्छ होती, पाच-सहा ‘थोडे’च्या रकान्यात गेली आणि अकरा रोपे तांबेऱ्याने लडबडली होती. पन्नासाव्या रोपाच्या आसपास चुलतभाऊ थांबला आणि म्हणाला, “दादा, ही रोगट रोपं चार बोटं उंच आहेत, आणि ह्यांची कुसळं बघ, लालसर आहेत.” त्याचे म्हणणे अचूक होते. ती अकरा रोपे आमच्या वाणाची नव्हतीच.

या मोजणीतून जे कळते ते फोटोतून कधीच कळत नाही. निरोगी रोपांत मधूनमधून, कसलाही क्रम नसलेली, पूर्णपणे रोगट रोपे असतील आणि ती उंचीने, कुसळांच्या रंगाने किंवा निसवण्याच्या वेळेने वेगळी असतील, तर बियाण्यात भेसळ आहे. वाण ठीक आहे. शेताच्या एका कोपऱ्यात गोलाकार पट्टा रोगट असून मध्यभागी तीव्रता जास्त आणि कडेला कमी असेल, तर तेथे रोगाचा लवकर शिरकाव होऊन तो पसरतो आहे, आणि तोच भाग तातडीने फवारण्याजोगा आहे. शेतभर सगळी रोपे सारख्या प्रमाणात रोगट असतील, तर मात्र दोनच शक्यता उरतात : एक तर वाण सांगितला तो नाही, किंवा वाण तोच आहे आणि बुरशी बदलली आहे.

आमच्या भेसळीचा उगम शोधायला फार लांब जावे लागले नाही. मळणी यंत्र गावात एकच. आमच्या आधी ज्याची मळणी झाली त्याचे दाणे यंत्राच्या पोटात राहतात आणि ते आमच्या पहिल्या पोत्यात येतात. बियाण्यासाठी गहू राखायचा असेल तर पहिली दोन पोती बाजूला टाकून नंतरच्या पोत्यांतून बियाणे घ्यावे, आणि निसवण्याच्या सुमाराला वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकावीत. त्याच्या आदल्या वर्षी थोडे बियाणे एका दुकानातून सुटे, उघड्या पोत्यातून घेतले होते, तीही चूक आमचीच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, पैदासकार बियाण्याला पिवळी. हिरवी असेल तर ते सत्यप्रत, म्हणजे विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेले. चिठ्ठीच नसेल तर ते बियाणे नव्हे, धान्य.

येथे मुंबईकरांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डोंबिवलीतल्या एका मित्राने वाण्याकडचा ‘चांगला लोकवन’ दहा किलो नेऊन जुन्नरच्या शेतात पेरला आणि मग तांबेरा का आला असे मला विचारले. लोकवन म्हणजे मुळात लोक-१; गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यातील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने विकसित केलेला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मध्य भारतात अफाट पसरलेला वाण. त्या ‘एक’चा इंग्रजी उच्चार होऊन गिरणीपर्यंत ‘लोकवन’ पोहोचला. पोळीला तो उत्तमच, पण तांबेऱ्याला तो बळी पडतो. शिवाय बाजारात लोकवन हे आता दाण्याच्या रूपाचे नाव झाले आहे, वाणाचे राहिलेले नाही. किराणा दुकानातला गहू दळायचा असतो, पेरायचा नसतो.

पुटकुळी कशी आहे, हे भिंगातून पाहा

तिसऱ्या वर्षी आम्ही निळ्या चिठ्ठीचे ताजे प्रमाणित बियाणे पेरले. फेब्रुवारीत फोटो आलाच. शंभर रोपांच्या मोजणीत या वेळी जवळपास सगळी रोपे ‘भरलेले’च्या रकान्यात गेली. आता प्रश्न खरोखर आनुवंशिक प्रतिकारशक्तीचा होता.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग चर्चगेटच्या फुटपाथवरही मिळते. त्यातून पुटकुळी पाहिली की वाण आणि बुरशी यांच्यात काय चालले आहे ते बरेच कळते. प्रतिकारक वाणात बुरशी पेशीत शिरते, पण वनस्पतीचे एक प्रथिन बुरशीचे एखादे प्रथिन ओळखते आणि तेथली पेशी स्वतःहून मरते. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते; भोवतालच्या पेशी मेल्या की ती उपाशी मरते. डोळ्यांना दिसतो तो एवढासा फिकट ठिपका, किंवा पिवळ्या-तपकिरी मृत कड्यात अडकलेली चिमुकली पुटकुळी. बळी पडणाऱ्या वाणात पुटकुळी मोठी असते, भुकटीने भरलेली असते आणि भोवती कडे नसते. म्हणजे पानावर पुटकुळ्या आहेत एवढ्याने वाण नापास ठरत नाही. कड्यातल्या बारीक पुटकुळ्या म्हणजे प्रतिकार चालू असल्याची खूण.

शास्त्रज्ञ शेतात नोंद करतात ती याच दोन गोष्टींची : पान किती व्यापले आणि पुटकुळीचा प्रकार कोणता. ‘४० एस’ म्हणजे चाळीस टक्के तीव्रता आणि पूर्ण बळी पडणारा प्रकार. ‘२० एमआर’ म्हणजे वीस टक्के आणि मध्यम प्रतिकारक. प्रकाराला गुणक असतो, एसला १, एमएसला (मध्यम बळी पडणारा) ०.८, एमआरला ०.४ आणि आरला (प्रतिकारक) ०.२, तीव्रतेला त्याने गुणले की संसर्गाचा निर्देशांक मिळतो. त्यामुळे पहिल्या नोंदीचा निर्देशांक ४० येतो आणि दुसरीचा अवघा ८. या मोजपट्टीतली आणखी एक मेख सांगण्यासारखी आहे : तीव्रता १०० टक्के लिहिली जाते तेव्हा पानाचा प्रत्यक्ष सुमारे ३७ टक्के भागच पुटकुळ्यांनी झाकलेला असतो, कारण त्याहून दाट पुटकुळ्या पानावर मावत नाहीत. पिशवीवरचे ‘प्रतिकारक’ हे अशा अनेक ठिकाणच्या, अनेक हंगामांच्या आकड्यांचे सरासरी रूप असते; रोग अजिबात दिसणार नाही अशी ती हमी नसते.

आमच्या पुटकुळ्या मोठ्या, भुकटीने भरलेल्या आणि कडे नसलेल्या होत्या. पिशवीवरचा वाण शिफारस होऊन दहाहून अधिक वर्षे झाली होती. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण एका शेताच्या पाहणीवरून वाणाला नाव ठेवणे योग्य नाही.

वाण तेच राहते, बुरशी बदलते

प्रतिकारशक्ती गेली असे आपण म्हणतो तेव्हा गव्हातले काहीच गेलेले नसते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटात हॅरल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले, की यजमान पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीचे जनुक असते, आणि दोन्ही समोरासमोर आली तरच प्रतिकार घडतो. बुरशीतले ते एक जनुक उत्परिवर्तनाने बदलले किंवा हरवले, की वनस्पती तिला ओळखत नाही. आता हिशेब असा, की एकेका पुटकुळीतून दिवसाला हजारो बीजाणू सुटतात आणि अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. लाखो एकरांवर एकच वाण, म्हणजे एकच जनुक, उभे असले की जो बदललेला बीजाणू त्या जनुकाला चुकवतो त्याला सगळे रान मोकळे.

याचे आपल्या देशातले दाखले सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले आहेत. हरितक्रांतीतला कल्याण सोना हा वाण १९७०च्या दशकात तांबेऱ्याला बळी पडू लागला. १९९०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाने उत्तर भारताची शेते व्यापली. त्यातले वायआर ९ भेदणारा पिवळ्या तांबेऱ्याचा पॅथोटाइप, म्हणजे बुरशीचा उपप्रकार, १९९६ मध्ये नोंदला गेला, तरी वायआर २७ मुळे वाण टिकला. २००१ मध्ये पंजाबात ७८एस८४ हा पॅथोटाइप सापडला, त्याने दोन्ही भेदली. राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर ३१ तर जगभर काळ्या तांबेऱ्याविरुद्धचा खांब मानले जात होते. १९९८ मध्ये युगांडात त्यावरही काळा तांबेरा आढळला, आणि युजी९९ या नावाने तो प्रकार ओळखला जाऊ लागला. त्यानंतर भारतीय वाणही केनियातल्या एनजोरो येथे नेऊन तपासण्यात आले. आपल्याकडच्या तपकिरी तांबेऱ्यात ७७ गटाचे पॅथोटाइप फार महत्त्वाचे आहेत. त्या एकाच गटात ७७-५, ७७-९ असे क्रमांक वाढत गेले आहेत आणि ७७-७ ने एलआर ९ हे जनुकही ओलांडले.

मग बुरशी उन्हाळ्यात राहते कुठे, हे ओघाने येते, कारण त्यावरून काय करू नये ते कळते. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले, की मैदानातल्या उन्हाळ्यात हे बीजाणू जगत नाहीत. ते डोंगराळ थंड भागात, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, स्वयंभू उगवलेल्या किंवा अवेळी पेरलेल्या गव्हावर तग धरतात आणि तेथून दरवर्षी नव्याने येतात. पुढे नोव्हेंबरच्या सुमाराच्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर ते मध्य भारतापर्यंत पोहोचून पावसाने पिकावर उतरतात, हेही दाखवण्यात आले. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने हाहाकार माजवला तो याच वाटेवर. म्हणून धसकटे जाळून तांबेरा जात नाही. बीजप्रक्रियेनेही जात नाही. ती काणी रोगासाठी करावी, तांबेरा हवेतून येतो.

वाण निर्दोष असूनही रोग दिसतो तेव्हा

दोन कारणे येथे थोडक्यात नोंदवतो. काही जनुके रोपावस्थेत काम करत नाहीत, पीक मोठे झाल्यावरच करतात. एलआर ३४ आणि एसआर २ ही त्यांतलीच. अशा वाणावर डिसेंबरात खालच्या पानांवर पुटकुळ्या दिसल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही; निर्णय ध्वजपर्ण पाहून करावा. दुसरे कारण तापमान. एसआर ६ हे जनुक थंड हवेत चोख काम करते आणि तापमान पंचविशीच्या आसपास गेले की निष्प्रभ होते. एकाच वाणाचा अनुभव निफाडला एक आणि उशिरा पेरलेल्या शेतात दुसरा येतो, त्यामागे असे काही असू शकते.

उशिरा पेरणी हा आमच्या तिसऱ्या वर्षाच्या दुखण्याचा अर्धा भाग होता. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, अशी शिफारस आहे. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. आम्ही कांद्याच्या काढणीत अडकून डिसेंबरात पेरले. शेजारच्या शेतात तोवर रोगाच्या दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या, आणि आमचे कोवळे पीक त्या भुकटीच्या वाऱ्यात उभे राहिले. वर युरियाचा हात सैल होता, त्यामुळे पीक दाट आणि दव सकाळी उशिरापर्यंत टिकणारे. मोडकळीला आलेल्या प्रतिकारशक्तीला हे पुरेसे होते.

आम्ही काय बदलले

उभ्या पिकात रोग निश्चित झाला, पुटकुळ्या बळी पडणाऱ्या प्रकारच्या असल्या आणि पीक चिकाच्या अवस्थेपलीकडे गेले नसले, तर प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक एका लिटर पाण्यात एक मिलिलिटर या प्रमाणात फवारावे. रोग पसरत राहिला तर पंधरा दिवसांनी पुन्हा. काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ लेबलवर दिलेला असतो, तो पाळायलाच हवा. दाणे घट्ट झाल्यावर फवारणे म्हणजे मनाचे समाधान. प्रतिबंध म्हणून कॅलेंडर पाहून फवारण्याला माझा विरोध आहे; पहिल्या वर्षीच्या आमच्या फवारणीने केवळ दुकानदाराचे भले झाले.

रोगट पाने सावलीत सुकवून, वर्तमानपत्रात दाबून, कागदी पाकिटातून पाठवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती कुजतात. पाकिटावर वाण, गाव, तारीख आणि पिकाची अवस्था लिहावी. महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा हे तांबेऱ्याचेच दुसरे नाव. देशभरातल्या नमुन्यांमधून पॅथोटाइप ओळखण्याचे काम शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात चालते. उत्तराने त्या हंगामाचे पीक वाचत नाही, पण कोणता वाण आता सोडावा हे अशाच पाकिटांतून ठरत असते.

वाण निवडताना मी आता एकाच प्रश्नावर अडून बसतो : याच्यात एकच मोठे जनुक आहे की अनेक? एका जनुकाचा वाण पहिली काही वर्षे काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि मग एका हंगामात कोसळतो. एलआर ३४, एलआर ४६, एसआर २ अशी संथ प्रतिकाराची जनुके असलेल्या वाणावर थोडा रोग दरवर्षी दिसतो, पण तो सावकाश वाढतो आणि दाणे भरून होतात. मला दुसरा प्रकार पसंत आहे. चुलतभावाला पहिला, कारण शेजारी बांधावर उभे राहून बोलतात. पैदासकार अलीकडे दोन्ही प्रकारची जनुके एकाच वाणात एकत्र आणतात, आणि त्यासाठी रोग लावून पाहण्याऐवजी डीएनएवरच्या खुणा तपासून रोपे निवडता येतात; आपल्या चेंबूरपलीकडच्या ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रातही गव्हाच्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांवर या पद्धतीने काम झाले आहे. आणि जनुकांचा शोध घेत फार लांब जाणाऱ्यांना एक आठवण : काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी रूढ केलेल्या बारा वाणांच्या संचात एक नाव ‘खपली’ होते. एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुके त्या आपल्या खपलीशी जोडलेली आहेत. दादरच्या दुकानात आज ती आरोग्याच्या नावाखाली महाग विकली जाते. तिचे हे कर्तृत्व पिशवीवर कोणी छापत नाही.

या हंगामात आम्ही १० नोव्हेंबरला पेरणी उरकली. साडेतीन एकरांत एकाऐवजी दोन वाण आहेत, दोन्ही अलीकडे शिफारस झालेले, दोन्हींच्या निळ्या चिठ्ठ्या वहीत चिकटवलेल्या. पूर्वेच्या बांधापलीकडे शेजाऱ्याचा लोक-१ उभा आहे. रोग यायचा झाला तर तो आधी तिथे दिसेल, म्हणून चुलतभाऊ दर चार दिवसांनी तिकडे फेरी मारतो. काल त्याने फोटो पाठवला. त्यात पान नव्हते, फक्त रुमाल होता, आणि तो पांढरा होता.